शुद्धिपत्र

केतुल आला तेव्हा अधिक महिना चालू होता.
अधिकात लग्नं नसतात,
दांडिया बाजारातल्या आमच्या छापखान्यात
यंत्रावर चादर घातलेली.
चार हजार लेबलं, म्हणाला, पिवळ्यावर काळी:
कॅल्शियम, जनावरांच्या खाद्यासाठी,
आणि खाली इंग्रजीत, जपून हाताळा.
पैसे आगाऊ, रोख. पावती नको म्हणाला.
पावती नको म्हणणाऱ्या माणसाला
मी चहा पाजला.

सासरे असते तर प्रूफ तीनदा वाचलं असतं.
वेलांटी चुकलेली मुंजीची पत्रिका
त्यांनी एकदा भर मांडवातून परत आणली होती.
मी एकदाच वाचलं,
तेही वरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत.
‘हँडल’ मधल्या शेवटच्या दोन अक्षरांनी
आपसात जागा बदलल्या.
रमणभाईंना दिसलं, पण सगळं छापून झाल्यावर.
“चालशे बेन, ढोर क्यां वांचवानां छे?”
खूप हसलो आम्ही.
उरलेल्या लेबलांच्या पाठीवर मी वर्षभर
किराणा लिहीत होते: साबुदाणा, हिंग, रिन.

दिल्लीहून दोघं आले ते दीड वर्षानं.
सरस्वतीचा फोटो बघून बूट बाहेर काढले.
मग टेबलावर फोटो मांडले,
पत्ते लावतात तसे.
एक स्वयंपाकघर. खिडकीत नदी, नदीवर पूल,
पुलाच्या पलीकडे दुसरा देश.
गावाचं नाव त्यांनाही नीट म्हणता आलं नाही.
फरशीवर निळं पिंप, पिंपावर माझं पिवळं लेबल,
आणि लेबलाशेजारी एक पाय.
पायात लहान मुलाचा मोजा, केळ्यांचं चित्र असलेला.
बाकीचा फोटो साहेबांनी
अंगठ्याखाली धरला होता.

“पहले उस पार ही मारते थे,” त्यांच्यातला धाकटा म्हणाला,
“अब इधर भी.”
मी मनात मराठी केलं: अलीकडे.
अलीकडे म्हणजे हल्ली.
अलीकडे म्हणजे या काठाला.
दोन्हीला एकच शब्द कसा पुरतो
हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मोठ्या साहेबांनी चुकीवर बोट ठेवलं.
ही होती म्हणून सापडलात, म्हणाले,
शुद्ध लेबलांचा माग लागत नाही.
भिंतीवर सासरे, चंदनाच्या हारात.
मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

जबाब झाला. सही मराठीत केली.
ती कुणाला वाचता येईना, म्हणून पुन्हा इंग्रजीत.

त्यानंतरच्या सोमवारी केतुल
छाणी जकात नाक्याजवळ सीएनजीच्या रांगेत उभा होता.
पुढे सात रिक्षा.
मोटारसायकलवाल्यांना घाई नव्हती म्हणे,
एकानं हेल्मेट काढून घाम पुसला.
सुपारी फोनवरून आलेली,
अधिकच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या नंबरावरून.
सूरसागरच्या पाळीवर दुपारभर लोक
एकमेकांना नंबर किती आकडी होता ते सांगत होते.

गुरुवारी त्याचे वडील आले.
पांढरा सदरा, काखेत जुनी डायरी.
बेसणाची कार्डं हवी होती. तीस.
“एवढीच?” मी विचारून बसले.
“आवशे कोण,” म्हणाले.

रमणभाईंनी यंत्र पुसलं, दोनदा, उगाचच.
मी प्रूफ वाचलं.
नाव, वय एकतीस, वार, वेळ चार ते सहा.
परत वाचलं.
तिसऱ्यांदा अक्षरं सुटी करून,
सासरे वाचायचे तसं, मागून पुढे.
कुठेच काही चुकलेलं नव्हतं.

पैसे मी घेणार नव्हते.
त्यांनी डायरीतून काढून मोजून ठेवले
आणि पावती मागितली.

पावतीपुस्तक कुठल्या खणात ठेवलंय
ते मला आठवेना.
ते थांबले.
कोपऱ्यात उभे राहून
भिंतीवरच्या नमुन्याच्या लग्नपत्रिका
एकेक करून वाचत.